जुना टिझिओ टेबललॅम्प: दांडा हलवला की उजेड लुकलुकतो. घ्यावा का?

दिवेलागण:
जर्मन डिझायनर रिचर्ड सॅपरने १९७२ मध्ये आर्टेमिडे या इटालियन कंपनीसाठी केलेला टिझिओ विकायला आलाय. काळा, मूळचा १२ व्होल्ट ५० वॅटचा हॅलोजन. विक्रेत्याच्या व्हिडिओत दांडा जरा हलवला की उजेड थरथरतो, मंद पातळीवर तर मधूनच विझतो. ट्रान्सफॉर्मर गेला असेल की आणखी काही? तळाच्या पट्टीवर १२० व्होल्ट लिहिलंय, माझ्याकडे वीज २३० ची. शिवाय पुढे एलईडी बसवता येईल का?

ओहम:
ट्रान्सफॉर्मर गेला असता तर दांडा हलवून काही फरक पडला नसता. दोष सांध्यांत आहे. या दिव्याच्या दांड्यांतून वायर जातच नाही. दांडेच वीज वाहतात आणि प्रत्येक सांधा कपड्याच्या टिचबटणासारखा एकमेकांत बसतो. दिवा पडला तर सांधे मोडण्याऐवजी सुटावेत, हाही त्यामागचा हेतू.

५० वॅटला १२ व्होल्टवर ४.२ अँपिअर प्रवाह लागतो. एखाद्या सांध्यावर काळपट थर चढून ०.१ ओहम रोध आला तरी तिथे ०.४ व्होल्ट पडतात आणि पावणेदोन वॅट उष्णता तयार होते. उष्णतेने थर वाढतो, थर वाढला की उष्णता वाढते. मंद पातळीवर विझतो त्यासाठी मात्र स्विचवरही संशय घ्या, दोन पातळ्यांचे संपर्क वेगळे असतात.

उपाय: प्लग काढा, बल्ब गार होऊ द्या, सांधे सरळ ओढून सोडवा. पिळू नका. इअरबडवर कॉन्टॅक्ट क्लीनर घेऊन बटणाच्या दोन्ही बाजू पुसा, काळं येणं थांबेपर्यंत. सँडपेपर नको, वरचा मुलामा गेला की पुन्हा लवकर काळं पडतं. गंजावर मारायचा तेलकट स्प्रेही नको, त्यात धूळ बसते. परत बसवताना 'टक्' असा आवाज आला पाहिजे. सैल बसत असेल तर बटणाची स्प्रिंग गेली, ते बदलावं लागेल.

तांबेवाला:
१२० चा दिवा थेट २३० ला लावू नका, एकदाही नाही. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा संपृक्त होतो (आणखी चुंबकत्व पेलू शकत नाही), प्रवाह भरमसाट वाढतो आणि प्राथमिक वेटोळं जळतं. किमान १०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे क्षमतेचं माप) २३० चे १२० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. प्रवासासाठी मिळणारे हलके कन्व्हर्टर नकोत, त्यातले बरेचसे विजेची लहर कापून देतात, आणि ती ट्रान्सफॉर्मरला चालत नाही. पट्टीवर ५०/६० हर्ट्झ आहे का तेही बघा. नुसतं ६० असेल तर ५० वर तळ जास्त तापेल.

आतला ट्रान्सफॉर्मर बदलायचा मोह अनेकांना होतो. त्याचं वजन हेच तळाचं वजन आहे! तिथे हलका इलेक्ट्रॉनिक घातलात तर दांडा पुढे काढताच दिवा कलंडेल.

उजेडप्रेमी:
एलईडी बसतो, पण डोळे झाकून नाही. खोबण जीवाय ६.३५, म्हणजे पिनांमधलं अंतर ६.३५ मिमी. जी४ चा बल्ब इथे बसणार नाही. बल्बवर '१२ व्होल्ट एसी' स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण ट्रान्सफॉर्मर एसी देतो आणि १२ व्होल्ट एसीचं शिखर १७ व्होल्टपर्यंत जातं. फक्त डीसीचा बल्ब तिथे टिकत नाही. आत सर्किट स्वस्तातलं असेल तर सेकंदाला १०० वेळा चमक येते, मोबाइल कॅमेऱ्यातून पाहिलीत की पट्टे दिसतात. मंद पातळी बहुधा निरुपयोगी होते, कारण चांगला ड्रायव्हर (बल्बमधलं प्रवाह सांभाळणारं सर्किट) दोन्ही पातळ्यांवर तोच प्रवाह देतो.

आणखी एक, बल्बचं वजन. टिझिओ समतोल वजनांवर उभा असतो, त्यामुळे जड हीटसिंकचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाचा) बल्ब डोक्यात गेला की दांडा हळूहळू खाली येतो. माझं मत विचाराल तर हॅलोजनच ठेवा, तो उजेड या दिव्याचा अर्धा जीव आहे. फक्त काच बोटांनी धरू नका. धरलीच तर अल्कोहोलने पुसा, नाहीतर तेलाचा डाग तापून काच तडकते.

दिवेलागण:
धन्यवाद मंडळी. विक्रेत्याकडून आता काय मागू?

ओहम:
बल्ब काढून होल्डरचा जवळून फोटो. संपर्क काळे किंवा वितळलेले असतील तर होल्डर आणि त्याला लागून असलेली उष्णतारोधक वायर, दोन्ही बदलायची. जळक्या होल्डरमध्ये नवा बल्बही लवकर जातो. मग सांध्यांचे फोटो, त्यांच्या नायलॉनच्या भागात पांढरी केसाएवढी चीर आहे का ते बघायला. चिरेला गोंद लावून उपयोग नाही, भार तिथेच येतो. व्हिडिओत दांडा तीन वेगवेगळ्या कोनांत सोडायला सांगा, जिथे सोडला तिथेच राहिला पाहिजे. खाली आला तर वजन हरवलंय किंवा बदललंय. नुसती लुकलुक हा दोष असेल तर घ्या, पण त्या हिशोबाने भाव करा.