गुप्तहेराच्या आठवणींवर बेतलेलं गुन्हे-लेखन खरं मानायचं का?

माळवी वाचक:
इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या वाचनमंडळात सध्या खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तकं चालू आहेत. शिकागोच्या टोळ्या, पॅरिसचे पहिले गुप्तहेर, वाटसरूंना मारून लुटणाऱ्या ठगांचा बंदोबस्त, सगळं. माझं मत असं की यातली बरीचशी पुस्तकं पोलिसांच्या स्वतःच्या आठवणींवर उभी आहेत, आणि त्यांना 'सत्यकथा' म्हणून विकणं ही वाचकाची फसवणूक आहे.

विदोक घ्या. तुरुंगातून पुन्हा पुन्हा पळणारा गुन्हेगार, मग पोलिसांचा खबऱ्या, आणि १८१२ च्या सुमारास पॅरिसच्या सुरते या गुप्तहेर विभागाचा पहिला प्रमुख. हाताखाली घेतलेली माणसंही शिक्षा भोगून आलेली. इथवर इतिहास आहे. पण १८२८ पासून त्याच्या नावाने निघालेल्या आठवणी दुसऱ्यांनी लिहिल्या, फुगवल्या, आणि खुद्द विदोकने त्याबद्दल तक्रार केली. तरीही त्याच्या वेषांतराच्या गोष्टी आज प्रत्येक नव्या पुस्तकात जशाच्या तशा उतरतात.

दुसरं उदाहरण शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोनचं. तो १९३१ साली दोषी ठरला तो आयकर चुकवल्याबद्दल. शिक्षा ११ वर्षं. हे काम केलं फ्रँक विल्सन नावाच्या महसूल खात्यातल्या माणसाने. जुन्या एका धाडीत जप्त झालेली जुगाराच्या अड्ड्याची हिशेबवही कपाटात पडून होती. तिच्यातल्या हस्ताक्षरावरून लेस्ली शमवे हा हिशेबनीस शोधून काढला आणि त्याला साक्षीला उभं केलं. दारूबंदी खात्यातला अधिकारी एलियट नेस याचं पथक तेव्हा दारूचे कारखाने फोडत होतं हे खरं, पण दारूबंदीच्या आरोपांवर कपोनचा खटला चाललाच नाही. १९५७ साली, नेस वारल्यावर, त्याच्या नावावर पुस्तक आलं आणि कपोनला पाडणारा वीर म्हणून नेसच घरोघरी पोहोचला. विल्सनचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

म्हणून म्हणतो, लिहिणाऱ्याने कोर्टाचे कागद धरावेत. आठवणी हा पुरावा नव्हे.

तुकोगंजकर:
भाऊ, अजिबात मान्य नाही. कोर्टाचा कागदही कुणीतरी लिहिलेलाच असतो.

कंपनी सरकारचा अधिकारी स्लीमन याने ठगांचा बंदोबस्त कसा केला ते आठवा. फिरंगिया हा ठगांचा म्होरक्या १८३० च्या सुमारास हाती लागला, माफीचा साक्षीदार झाला आणि आपल्याच साथीदारांची नावं देत सुटला. मग १८३६ चा कायदा आला. माणूस ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप! अमुक खून त्यानेच केला हे दाखवायचीही गरज उरली नाही. साक्ष देणारे कोण, तर ज्यांची स्वतःची मान फासाखाली होती ते. या जबान्या सरकारी दप्तरात पानंच्या पानं भरून आहेत. तुमच्या कसोटीवर त्या अव्वल दर्जाचा पुरावा ठरतात. आणि त्यात ठग किती आणि कंपनी सरकारची भीती किती, यावर इतिहासकारांचे वाद अजून मिटलेले नाहीत.

विदोकच्या आठवणी फुगवलेल्या असतील. पण चोराला हाताशी धरून चोर कसा पकडतात, खबऱ्याला काय द्यावं लागतं, हे तिथे कळतं. सरकार आपल्या कागदावर ते कधी लिहीत नाही.

राजवाड्यामागची:
तुम्ही दोघंही पोलीस आणि टोळीवाले यांच्यातच अडकलात. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोत टोळ्यांच्या भांडणात गॅरेजच्या भिंतीशी उभे करून सात जण मारले. त्यांतला एक तिथे गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक होता, चार पैसे मिळवायला आलेला. पुस्तकांत कपोनच्या सुटाचा रंग सापडतो आणि हा माणूस एका ओळीत संपतो. मला राग त्याचा येतो.

वकीलकाका:
इतक्या लांब जाता, पण आपल्या इंदूरचा खटला कुणीच काढला नाही.

१२ जानेवारी १९२५, मुंबई, मलबार हिल. अब्दुल कादर बावला या तरुण, श्रीमंत व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घातल्या. बरोबर मुमताज बेगम होती, इंदूरच्या महाराजांच्या दरबारातली नर्तकी, तो दरबार सोडून निघालेली. हल्लेखोरांना तिला पळवून न्यायचं होतं. तिच्या चेहऱ्यावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी योगायोगाने तिथे आले म्हणून ती वाचली आणि काही हल्लेखोर जागेवर सापडले. आरोपींत इंदूरच्या सैन्यातले सरदार आनंदराव फणसे होते. त्यांची बाजू बॅरिस्टर जिनांनी मांडली आणि त्यांची फाशी टळली. तिघांना फाशीची शिक्षा झाली.

आता कागद किती दूर जातो ते बघा. या लोकांच्या मागे आणखी कुणीतरी आहे, हे न्यायमूर्ती क्रंप यांनीही बोलून दाखवलं. पण संस्थानिकावर मुंबईच्या कोर्टात खटला चालत नव्हता. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्यापुढे इंग्रजांनी दोन वाटा ठेवल्या, चौकशी आयोग किंवा गादी सोडणं. १९२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी गादी सोडली. चौकशी झाली नाही, म्हणून निकालही नाही. पुढचं जे काही लोक छातीठोकपणे सांगतात ते ऐकीव आहे, आणि वकील म्हणून मी ते पुरावा धरणार नाही. माझा कौल माळवी वाचकांना. फक्त एक भर घालतो. कागद जिथे थांबला ती जागा लेखकाने वाचकाला बोट ठेवून दाखवावी.

तुकोगंजकर:
काका, तुम्ही माझीच बाजू मांडलीत! आयोग नेमू दिला नाही म्हणून कागदच तयार झाला नाही. ज्याच्या हातात सत्ता त्याला कागद थांबवता येतो. मग फक्त कागदावर लिहिणारा लेखक नकळत त्याच्याच सोयीचं लिहितो की नाही?

माळवी वाचक:
नाही. तो 'इथे चौकशी झाली नाही' असं लिहितो, आणि ते वाक्य कुठल्याही अफवेपेक्षा जास्त टोचतं. रिकामी जागा कल्पनेने भरली की नेसचं पुस्तक तयार होतं. इंदूरच्या लालबाग राजवाड्यात कोण कुणाशी काय बोललं, याचे संवाद रचणाऱ्या लेखकावर मी पुढच्या पानावरही विश्वास ठेवत नाही.

राजवाड्यामागची:
काका, मुमताजने कोर्टात उभं राहून स्वतः साक्ष दिली. इंदुरात राहायचं नव्हतं, हे तिने परक्या पुरुषांनी भरलेल्या कोर्टात सांगितलं. आपलं बाळ मारलं गेल्याचंही सांगितलं. त्या काळात तिच्यासारख्या बाईने हे बोलायला केवढी छाती लागली असेल! ही साक्ष कागदावर आहे, माळवी वाचकांना हवी तशी. तरी खटला ओळखला जातो बावलांच्या नावाने, चर्चा होते महाराजांची, आणि रंगवून सांगितली जाते गोल्फवाल्या साहेबांची बहादुरी. म्हणजे अडचण कागद की आठवणी ही नाहीच. कागद समोर असूनही लिहिणारे कुणाकडे बघतात, ही आहे.

वकीलकाका:
ताई, हे पटलं. तिची साक्ष मुळातून वाचायला हवी, सारांशातून नव्हे.

तुकोगंजकर:
साक्ष जरूर वाचू. पण वाड्यांतून आजी-पणजीकडून चालत आलेलं जे आहे, ते मी टाकून देणार नाही. नोकरमाणसं, दाया, मोटार हाकणारे, यांना कुठल्या कोर्टाने बोलावलं? कुणी सांगितलं, त्याने कुणाकडून ऐकलं, हे सगळं लिहून मी ते पुस्तकात घालीन. खरं किती ते वाचकाने ठरवावं.

माळवी वाचक:
परिशिष्टात घाला. मुख्य मजकुरात दिसलं तर मी पुन्हा भांडायला येईन.