क्षारपड रानात टोमॅटो: जंगली खुंटावरची कलमी रोपं कुणी लावलीत का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रान वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठचं काळं. उसाला वर्षानुवर्षं पाटपाणी दिल्यानं खालच्या अंगाला क्षारपड झालंय. पाणी आटलं की वरंब्याच्या माथ्यावर पांढरी खार फुटते. तिथल्या टोमॅटोची पानं कडेनं करपतात, फळ बारीक राहतं आणि बुडाला काळं पडतं.

माती परीक्षणात ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) ४.१ आलाय, सामू ८.२. टोमॅटो साधारण २.५ ईसीपर्यंत सोसतो, पुढं दर एककाला जवळजवळ १० टक्के उत्पन्न घटतं, हे माहीत आहे.

वाचताना कळलं की गॅलापागोस बेटांवर समुद्रकाठी टोमॅटोची जंगली जात वाढते. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात ती समुद्राच्या पाण्याइतक्या खारात जगवून दाखवली होती. पेरू देशाकडची पेनेली ही जंगली जात सोडियम पानात साठवून तग धरते, आपला टोमॅटो तो पानापर्यंत कमी पोचू देतो. पण जगणं वेगळं आणि क्रेट भरणं वेगळं! त्या जातींची फळं इवलीशी, बाजारात कोण घेणार?

म्हणून विचारतो, जंगली रक्ताच्या संकरित खुंटावर कलम केलेली रोपं (मुळं खुंटाची, वर फळ आपल्या टोमॅटोचं) सांगली-साताऱ्यात कुणी लावलीत का? रोपाचा दर परवडला का? वांग्याच्या खुंटाचा खाऱ्या रानात काय अनुभव? दुकानदार जिप्सम टाका म्हणतो, पण ते चोपण, म्हणजे मातीच्या कणांना सोडियम चिकटलेल्या जमिनीचं औषध. माझ्या अहवालात विनिमययोग्य सोडियमचा (ज्यावरून चोपण ओळखतात) आकडाच नाही. आधी तो काढू, की थेट जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करू? कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात कुणी विचारलं असेल तर तेही सांगा.