तीन मंडळ्या, एक पाळक: मग पंचकमिटीही एकच का?

सात_रस्ता
सर्वांना सलाम. आमच्या पास्टोरेटमध्ये, म्हणजे एका पाळकाच्या (पास्टरच्या) हाताखालच्या भागात, सोलापूर शहरातली मोठी मंडळी (स्थानिक चर्च) आणि जिल्ह्यातल्या दोन लहान मंडळ्या आता एकत्र आल्या आहेत. दोन्ही गावांच्या पंचकमिट्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या कमिट्या) मोडून शहरात एकच कमिटी करावी, असा ठराव वार्षिक सभेपुढे येतोय. माझा त्याला ठाम विरोध आहे.

स्कॉटलंडच्या चर्चमध्ये या दोन गोष्टींना दोन वेगळी नावं आहेत. 'लिंकेज' म्हणजे पाळक एक, पण वडिलांची (म्हणजे मंडळीतल्या 'एल्डर' कारभाऱ्यांची) सभा ज्या त्या मंडळीची. 'युनियन' म्हणजे सगळंच एक. आपल्याला गरज पहिल्याची आहे आणि ठराव दुसऱ्याचा मांडलाय.

आपलं मूळही आठवा. सोलापुरात सुवार्ता आणणारं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल वळणाचं, म्हणजे प्रत्येक मंडळीनं आपला कारभार आपण पाहायचा. १९२४ मध्ये आपण प्रेस्बिटेरियन, म्हणजे वडिलांच्या सभांमार्फत चालणाऱ्या, मंडळ्यांबरोबर एक झालो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. एवढी मोठी एकी झाली, पण तिच्यासाठी गावच्या मंडळीला पंच गमवावे लागले नाहीत.

हिशेबनीस
मी बरीच वर्षं खजिनदार होतो, म्हणून स्पष्ट लिहितो. तीन कमिट्या म्हणजे तीन रोकडवह्या, तीन ठिकाणच्या सभा आणि प्रत्येक सभेला तोच पाळक. त्यांनी आजाऱ्यांना भेटायचं कधी? गावात सात पंच निवडायचे तर ते दोन घरांतूनच येतात. घरात भांडण झालं की मंडळी फुटते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि जागेचं काय? सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टची जमीन विकता येत नाही. बिगरशेती जागा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाड्यानंही देता येत नाही. एका गावात पंचांनी शेजाऱ्याला साध्या कागदावर जागा वापरायला दिली. पुढे ती सोडवताना आमच्या नाकी नऊ आले. एक सक्षम कमिटी असती तर हे घडलंच नसतं.

सात_रस्ता
काका, जागा आणि हिशेब एकत्र ठेवा, त्याला माझी ना नाही. पाळकांचा पगारही एका खात्यातून जावा. पण उपासना कोणी चालवायची, संडे स्कूल कोणाकडे, आजाऱ्याकडे कोण जाणार, हे गावानंच ठरवावं.

लष्कर_कॅथलिक
आमच्याकडची पद्धत सांगतो. धर्मगुरू कमी असले की कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) ५२६ प्रमाणे शेजारच्या अनेक धर्मग्रामांवर (पॅरिशांवर, म्हणजे तुमच्या मंडळ्यांसारख्या घटकांवर) एकच धर्मगुरू नेमता येतो आणि धर्मग्राम वेगळेच राहतात. ५१७ प्रमाणे अनेक धर्मगुरूंची टीम नेमता येते, शिवाय धर्मगुरूंच्या देखरेखीखाली प्रापंचिकांनाही जबाबदारी देता येते. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती सक्तीची आहे (५३७). पास्टोरल कौन्सिलचं, म्हणजे धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाचं, मत मात्र फक्त सल्ल्यापुरतं (५३६).

बॉस्टनमध्ये २००४ साली अनेक धर्मग्राम बंद केले. एका चर्चमधले लोक निषेध म्हणून २०१६ पर्यंत आत पाळीपाळीनं बसून राहिले. नंतर तिथे वेगळी वाट काढली: दोन-चार धर्मग्रामांचा गट, धर्मगुरू एक, पण धर्मग्राम स्वतंत्र. तुमच्याकडे पंच निवडून येतात. आमच्या दृष्टीनं ही फार मोठी ठेव आहे. ती सहज सोडू नका.

गावाकडची
मी त्या दोन गावांपैकी एकातली. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) तेव्हाच होतं. बाकीचे रविवार माझ्या सासूबाई आणि एक निवृत्त गुरुजी उपासना चालवतात. रात्री अकराला कोणी वारलं तर कबरस्तानाची किल्ली, खड्डा खणणारी माणसं, पाहुण्यांचा चहा, सगळं आमचे पंच बघतात. शहरातल्या कमिटीला तर नुसता निरोप पोचायला सकाळ होईल.

सभा संध्याकाळी सातला सोलापुरात ठेवली की आमची शेवटची एसटी चुकते. बाया तर येऊच शकणार नाहीत. म्हणजे गावाकडून येतील ते मोटारसायकलवाले दोन पुरुष. आज आमच्या पंचांत तीन बाया आहेत, त्याही निवडून आलेल्या.

वही नीट ठेवायला आम्हाला कोणी शिकवलेलंच नाही, हे काकांचं खरं. शिकवा ना. पण वही चुकते म्हणून पंच काढून घेऊ नका.

हिशेबनीस
ताई, किल्लीचं आणि एसटीचं पटलं. तरी माझं मत पूर्ण बदललेलं नाही. संयुक्त कमिटीत दोन्ही गावांना राखीव जागा द्याव्यात, सभा आळीपाळीनं गावात घ्यावी, असं मला वाटतं.

गावाकडची
बारा जणांत आमचे चार असले तरी मत आठांचंच चालणार, काका.

सात_रस्ता
मग ठरावाला दुरुस्ती सुचवतो. जागा, पगार आणि वार्षिक हिशेब संयुक्त कमिटीकडे. उपासना, कबरस्तान आणि कापणीच्या सणाचं दान गावच्या पंचांकडे, आणि त्यांची निवडणूक गावातच, रविवारच्या उपासनेनंतर. काका, मत विरोधात दिलंत तरी चालेल, पण दुरुस्ती सभेपुढे येण्यासाठी अनुमोदक म्हणून सही कराल का?

हिशेबनीस
सही करतो. मत मात्र मूळ ठरावालाच देणार. आणि निकाल काहीही लागो, पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाच्या रविवारी मी पाळकांबरोबर गावी येतो. रोकडवही आणि पावतीपुस्तकं काढून ठेवा, ताई.