मदत हवी आहे: केशराच्या खोलीचं तापमान २१ च्या खाली जाईना

नीराकाठ: जाणकारांनी लवकर सांगा, दिवस हातातून चाललेत. शेळ्यांचा जुना गोठा बंद करून केशराची खोली केली, १० बाय १२. भिंतींना थर्माकोल मारला. केशराचे कंद मातीविना ट्रेमध्ये मांडलेत. एसी १६ वर रात्रंदिवस चालू, तरी आत २१ च्या खाली येत नाही. कोंब बोटभर झालेत, फूल एकाही कंदाला नाही. दसरा होऊन गेला. काय करू?

मिस्त्री_कराड: एसी किती टनाचा? वर पत्रा की स्लॅब? गाव कुठलं?

नीराकाठ: फलटणजवळ. एक टन. गोठा म्हटल्यावर वर पत्राच असणार ना.

बेदाणा_तासगाव: भाऊ, थर्माकोल काढून टाका. चारी बाजूंनी आणि वरून ६० मिमी पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) लावा. आमच्या बेदाण्याच्या खोलीला तेच आहे, दुसरं काही टिकत नाही.

मिस्त्री_कराड: ऐन हंगामात कंद आत असताना पॅनेल? ते पुढच्या वर्षी. एसी कमी पडतोय तो पत्र्यामुळे. दुपारी पत्र्याला हात लावून बघा, चटका बसेल. ती सगळी धग आत उतरते. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून थर्माकोलचं छत करा, पत्र्यावर ओली पोती टाका. आणि रात्री आत दिवा लावून बाहेरून फेरी मारा. पन्हाळी पत्रा भिंतीवर टेकतो तिथे उजेडाच्या फटी दिसतील. त्या फोमने बुजवा.

अळिंबी_प्रेमी: केशराच्या नादी लागू नका. याच खोलीत धिंगरी अळिंबी घ्या, २५ अंशालाही येते, एसी लागत नाही.

नीराकाठ: कंद आणून झालेत हो. अळिंबीचं मी विचारलेलं नाही.

मोगरा७: दादा, आर्द्रता किती आहे?

नीराकाठ: ८५. दोन ह्युमिडिफायर चालू आहेत, लिहायचं राहिलं.

मिस्त्री_कराड: हे आधी सांगायचं! तुम्ही वाफ सोडता, एसी तिचं पाणी करून नळीतून बाहेर टाकतो. त्याची निम्मी ताकद तिथेच जात असेल. एक तरी बंद करा.

मोगरा७: बंद करून कोंब सुकले तर? मी ८० च्या खाली जाऊ देत नाही.

मिस्त्री_कराड: एकच म्हणतोय, ताई. फटी बुजल्या की ओल आपोआप टिकेल.

पूजा_साहित्य: विषय निघालाच आहे म्हणून विचारते. बासुंदीत टाकलेल्या केशराने लगेच लालभडक रंग सोडला. भेसळ असेल का?

मोगरा७: बहुतेक हो. खरं केशर हळूहळू पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते.

पांपोर_पाहिलेला: तापमानाआधी कंदाचं बोला. कळी गारठ्यात तयार होत नाही. ती उन्हाळ्यात, २३ ते २७ अंशांत, कंदाच्या आतच धरते. १५ ते १७ मिळालं की फक्त बाहेर येते. आठ ग्रॅमच्या आतल्या कंदाला बहुधा पानंच येतात. वजन केलंत का?

नीराकाठ: नाही. विकणाऱ्याने फुलणारे म्हणून दिले.

पांपोर_पाहिलेला: सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा आणा आणि एकेक मोजा. एका मोठ्या कंदाचा कोंब ब्लेडने उभा चिरून बघा. एक गेला तरी चालेल, पण आत काय आहे ते कळेल.

नीराकाठ: फटी तीन बाजूंनी निघाल्या, हात जाईल एवढ्या. फोम मारला, छत केलं, एक ह्युमिडिफायर बंद केला. पहाटे चारला १७.५ दिसलं, आर्द्रता ८१. बारा ग्रॅमच्या कंदाचा कोंब चिरला तर पांढऱ्या आवरणात कळीचं फिकट जांभळं टोक आहे. आईला उठवून दाखवलं. पण निम्म्याहून जास्त कंद पाच-सहा ग्रॅमचेच भरले. ते ट्रेमध्येच ठेवू की मातीत लावू?

पांपोर_पाहिलेला: मातीत लावा, वाट बघू नका. भुसभुशीत माती, शेणखत, आणि वर ग्रो लाइट (रोपं वाढवायचा दिवा) दहा-बारा तास. पानं जेवढी हिरवी राहतील तेवढे खाली कंद पोसतील. लाइटची सोय आहे का?