मामाच्या रानातनं गेलेली गॅस पाइपलाइन: आत नक्की चालतं काय?

गडहिंग्लजकर
मंडळी, एक शंका. आमच्या मामाच्या रानातनं दाभोळ–बंगळूर गॅस लाइन गेलीय, वर नुसता खांब आणि पाटी, बाकी ऊस जोरात. मामा म्हणतो पावसाळ्यात दाभोळला जहाजच लागत नव्हतं बरीच वर्षं, मग तेव्हा लाइन रिकामी असायची का? एवढा सह्याद्री चढून गॅस येतो तो ढकलतं कोण? आणि बंगळूरच्या कंपनीचा गॅस वाटेत बेळगाववाल्यानं काढला तर हिशेब कसा लागतो? शिवाय मामाला तिथंच विहीर पाडायचीय 😀

शिफ्ट_ड्यूटी
कंट्रोल रूममध्ये बसतो म्हणून सांगतो, लाइन रिकामी कधीच नसते. ब्रेकवॉटर (लाटा अडवणारा बांध) नव्हता म्हणून दाभोळ टर्मिनल पावसाळ्यात बंद ठेवायला लागायचं हे खरं, पण दाभोळला दुसरीकडनंही पाइप येतो ना, दहेज–उरण–पनवेल–दाभोळ. गुजरातेत दहेजला जहाजातनं उतरलेला एलएनजी (थंड करून द्रव केलेला गॅस) तापवून गॅस केला आणि लाइनीत सोडला की तो पनवेलवरनं खाली दाभोळ आणि तिथनं कर्नाटकात.

घाटाचं म्हणाल तर तो काही मोठा प्रॉब्लेम नाही. ७०० मीटर पाणी चढवायला साधारण ७० बार (बार म्हणजे प्रेशरचं माप) लागतात, पण ९० बारच्या लाइनीत तेवढ्याच चढाला गॅसचे पाचेक बार जातात, बस. खरं प्रेशर खातं ते शेकडो किलोमीटर पाइपला घासत जाणं. म्हणून लांबच्या लाइनींना मध्ये मध्ये गॅस दाबून पुढं ढकलणारी कंप्रेसर स्टेशन असतात, हजिरा–विजयपूर–जगदीशपूर लाइनीला झाबुआला आहे, विजयपूरला आहे. तिथली बरीच टर्बाइन त्याच लाइनीतला थोडा गॅस जाळून चालतात, दाबल्यावर गॅस तापतो म्हणून कूलरमधनं काढून पुढं सोडायचा.

आणि पाइप स्वतःच गोदाम आहे. त्याला लाइनपॅक म्हणतात. मागणी कमी असली की आत गॅस दाबून ठेवायचा, वाढली की प्रेशर थोडं उतरू द्यायचं. आमचं अर्धं आयुष्य हा आकडा बघण्यात जातं, फार उतरला तर शेवटच्या गिऱ्हाइकाचा प्लांट ट्रिप म्हणजे आपोआप बंद, फार चढला तर गॅस घालणाऱ्याला फोन करून "जरा हळू घ्या साहेब".

गडहिंग्लजकर
भारी! पण हिशेब?

शिफ्ट_ड्यूटी
गावच्या डेअरीसारखा. तुमच्या म्हशीचं दूध तुम्हाला परत मिळत नाही, किती घातलं आणि फॅट किती त्यावर पैसे. इथं फॅटच्या जागी उष्मांक. स्टेशनवर गॅस क्रोमॅटोग्राफ असतो तो मिथेन, इथेन किती ते मोजतो आणि बिल एमएमबीटीयूवर (उष्णतेचं माप) होतं. आपल्याकडं गॅसचा दिवस सकाळी ६ ते दुसऱ्या दिवशी सकाळी ६. प्रत्येकानं आधीच कळवायचं उद्या किती घालणार, किती काढणार. त्यापेक्षा मर्यादेबाहेर कमीजास्त झालं की दंड. वाहतुकीचा दर पीएनजीआरबी हे सरकारी नियामक मंडळ ठरवतं, १ एप्रिल २०२३ ला युनिफाइड टॅरिफ (सगळ्या जोडलेल्या लाइनींना मिळून एकच दरपद्धत) आला तेव्हा ३०० किमीपर्यंत, ३०० ते १२०० आणि त्यापुढं असे तीन झोन केले, कारण आधी गॅस जितक्या वेगवेगळ्या लाइनींतनं जाईल तितके दर एकावर एक चढायचे.

ह्यूस्टनचा_पुणेकर
अमेरिकेत पण तत्त्व हेच, फक्त पसारा अवाढव्य. ट्रान्स्को नावाची एकच सिस्टीम टेक्सासपासून न्यूयॉर्कपर्यंत, सुमारे १०,००० मैल. एका राज्यातनं दुसऱ्यात जाणारी लाइन म्हणजे फर्क (FERC) ह्या केंद्रीय संस्थेच्या ताब्यात. १९९२ च्या ऑर्डर ६३६ नं पाइपलाइनवाल्यांचं गॅस विकणं आणि वाहणं वेगळं केलं, त्यामुळे ते आता मुख्यतः भाड्यावर जगतात. फर्म भाडं भरलं तर जागा राखीव, इंटरप्टिबल म्हणजे जागा राखीव नसलेलं भाडं स्वस्त पण कडाक्याच्या थंडीत पहिला तुम्हीच कट. आपल्याकडे अजून तितके शिपर (लाइनीतनं गॅस पाठवणारे) नाहीत, बाजार मोठा झाला की ही भांडणं येणारच.

सातबारा_वाचक
मामांचं विहिरीचं कुणी बोललंच नाही. १९६२ च्या पेट्रोलियम पाइपलाइन कायद्यात जमीन मामांचीच राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क, त्यापोटी बाजारभावाच्या १० टक्के आणि पिकाची नुकसानी वेगळी. (१० टक्के म्हणजे चेष्टाच, पण कायदा तसा आहे.) त्या पट्ट्यात पीक घ्या, पण घर, विहीर, तळं, झाड नाही. विहीर पट्ट्याबाहेर पाडा, तरी जेसीबी आणायच्या आधी पाटीवरच्या नंबरला फोन करा, फुकट येऊन आखून देतात.

शिफ्ट_ड्यूटी
+१. आणि एक गोष्ट मामांना नक्की सांगा, घरच्या गॅसला जो वास येतो तो मिसळलेला असतो, मोठ्या लाइनीत बहुतेक ठिकाणी वास नसतोच. त्यामुळं "वास नाही म्हणजे लीक नाही" असं धरू नका. फुस्स आवाज, चिखलात बुडबुडे, हिरव्या उसात एकच पट्टा वाळलेला दिसला तर विडी विझवून, मोटर चालू-बंद न करता लांब जायचं आणि मग फोन.