पळस ही प्रजाती की जाती?

मांजराकाठ: गावच्या जैवविविधता नोंदवहीचं मराठी तपासतोय. पळसापुढं लिहिलंय, ‘ही प्रजाती तालुक्यात सगळीकडं आढळते.’ शाळेत मी शिकलो ते प्रजाती म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट, आणि जाती म्हणजे स्पीशीज, त्या गटातला एकेक प्रकार. पळसाचं शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा. त्या हिशेबानं ब्युटिया ही प्रजाती, मोनोस्पर्मा ही तिच्यातली जाती. पळसवेलही ब्युटियाच, ब्युटिया सुपर्बा. ती आमच्या माळावर कुठंय? म्हणजे वाक्य चुकलं. लिहिणारा ऐकत नाही. म्हणतो, पेपरात ‘दुर्मिळ प्रजातीचं घुबड’ असंच येतं.

सिंदफणा: लिहिणाऱ्याचं बरोबर आहे. हिंदी बातम्यांतून आला असेल, पण स्पीशीजसाठी प्रजाती आता रुळलाय. आणि ‘जाती’ गावात वापरून बघा. आमच्याकडं तक्त्यात ‘जात’ असा रकाना होता. झाडापाल्याचं भरभरून सांगणारी म्हातारी माणसं तो रकाना आला की गप्प व्हायची.

मांजराकाठ: ताई, अडचण पटली. पण मग जीनसला काय म्हणायचं? वंश? एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसवला की पहिल्याची जागा रिकामी राहते.

जुनामास्तर: आमचे वडील निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले. ते जीनसला जिन्स म्हणायचे, स्पीशीजला नौ. उस्मानिया विद्यापीठात विज्ञानही उर्दूतूनच शिकवत. आपला ‘जिन्नस’ त्याच जिन्सपासून आला. अरबी जिन्सचं मूळ ग्रीक गेनोसमध्ये, म्हणजे लॅटिन जीनसचा भाऊबंदच. घरात शब्द असताना संस्कृतातून नवे कशाला पाडायचे?

मांजराकाठ: सर, व्युत्पत्ती सुरेख आहे, पण ‘पळस हा जिन्नस’ म्हटलं की लोकांना किराणाच आठवणार.

किनवटकर: मुळात पळसाला कुठल्या घरात ठेवायचं यावरच घोळ होता. वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्कनं त्याला पांगाऱ्यात घातलं, एरिथ्रिना मोनोस्पर्मा म्हणून. रॉक्सबर्गनं वेगळं घर काढलं आणि ब्यूटचा अर्ल जॉन स्टुअर्ट याचं नाव दिलं. हा ब्रिटनचा पंतप्रधान होता, वनस्पतींचा मोठा शौकीन. तेव्हा पळस झाला ब्युटिया फ्राँडोझा. जुन्या आयुर्वेदाच्या पुस्तकांत तेच नाव सापडतं. पण आधीचं विशेषण, म्हणजे नावातला दुसरा शब्द, टिकतं असा नियम असल्यानं 1894 मध्ये टाउबर्टनं लामार्कचं मोनोस्पर्मा रॉक्सबर्गच्या ब्युटियाला जोडलं. मला तेच आवडतं, मोनोस्पर्मा म्हणजे एकबीजी. वाळलेली शेंग हातात घ्या: सगळी चपटी, हलकी, आणि फक्त टोकाला एक बी. तीच आपली पळसपापडी, लेकरांच्या जंतावर देतात ती. पांगाऱ्याच्या शेंगेत बिया बऱ्याच. फ्राँडोझा म्हणजे पानांनी भरलेला. फुलोऱ्यात पळसावर पान तरी असतं का?

सिंदफणा: पण ‘पलाश’चा अर्थच मुळी पान! नाव पानावरूनच पडलंय.

जुनामास्तर: नाही. पल म्हणजे मांस, अश म्हणजे खाणारा. पलाश म्हणजे राक्षस असाही अर्थ कोशात आहे. तो लालभडक रंग बघा.

सिंदफणा: सर, राक्षसाचा पलाश वेगळा. ज्या झाडाच्या पानावर पिढ्यान्‌पिढ्या जेवलो त्याला राक्षस कोण म्हणेल? त्यापेक्षा किंशुक घ्या. ‘हा पोपट की काय?’ असं विचारणारं नाव. पाकळीचा बाक चोचीसारखाच असतो.

किनवटकर: पानावर गाडी आलीच आहे तर सांगतो, ‘पळसाला पानं तीन’ हे शास्त्रात बसत नाही. देठाला पान एकच, त्याच्या पर्णिका, म्हणजे पानाचे सुटे भाग, तीन.

जुनामास्तर: म्हणीला शास्त्र लावू नका.

सिंदफणा: म्हण बरोबरच आहे. पत्रावळी लावणारी बाई तिन्ही सुटी करून एकेक टाचते. तिच्या हातात पानं तीनच येतात, तिनं पर्णिका का म्हणावं?

किनवटकर: तिनं म्हणू नये. नोंदवहीत मात्र ‘तीन पर्णिका’च पाहिजे, नाहीतर बेल आणि पळस दोन्हींपुढं ‘पानं तीन’ लिहून बसाल.

जुनामास्तर: पर्णिका कुठून काढली? आमच्याकडं पर्णदल म्हणत.