उन्हाळ्यात गाडी थांबली की तुम्ही काय करता? लांब पल्ल्याच्या चालकांचे अनुभव

नमस्कार मंडळी,

लांब पल्ल्याच्या गाडीवर असणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. उन्हाळ्यात गाडी उभी राहिली की वेळ कसा घालवता? झोप आणि मोबाइल हे सगळ्यांचंच असतं, त्यापलीकडचं सांगा.

थांबण्याचा वेळ आपल्या वाट्याला बहुतेकदा नियमानंच येतो. युरोपीय संघात साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावं लागतं. ती आधी १५ आणि नंतर ३० अशी फोडताही येतात. अमेरिकेत ८ तासांच्या ड्रायव्हिंगनंतर ३० मिनिटं आणि पुढच्या पाळीआधी सलग १० तास सुट्टी. भारतात १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. माल चढवण्या-उतरवण्यासाठी ताटकळण्यात जातात ते तास वेगळेच. यातला बराचसा वेळ कागदावर विश्रांतीत जमा होतो, पण तापलेल्या कॅबिनमध्ये त्याच सीटवर बसून काढला तर अंग आंबून जातं आणि पुढच्या टप्प्यात डोळे मिटायला लागतात. म्हणून विरंगुळ्याला मी चैन समजत नाही. तो ब्रेक तपासण्याइतकाच कामाचा भाग आहे.

सुरुवात मीच करतो. मी गाडीभोवती चालतो. साडेसोळा मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद ट्रेलरला अर्धा मीटर अंतर ठेवून चक्कर मारली की साधारण ४२ मीटर होतात, म्हणजे चोवीस फेऱ्यांत एक किलोमीटर. गाडी नजरेआड होत नाही, पार्किंगमध्ये दुसऱ्या गाड्यांच्या मध्ये जावं लागत नाही आणि चालता चालता टायर, दोऱ्या, ताडपत्री, दिवे सगळं डोळ्यांखालून जातं. सूर्य वर यायच्या आत करायचं. दुपारी कधीच नाही.

आता तुम्ही लिहा.

कंटेनरवाला

चांगला विषय काढलात दादा. मी विरंगुळ्याच्या आधी गाडी उभी करण्याबद्दल लिहितो, कारण सावली नसेल तर पुढचं काहीच जमत नाही.

दुपारी सूर्य पश्चिमेकडे कलतो, म्हणून जागा मिळाली तर मी गाडीचं तोंड पूर्वेला ठेवतो. पुढच्या काचेवर ऊन येत नाही आणि मागच्या डब्याची सावली कॅबिनवर पडते. गाडी उत्तर-दक्षिण उभी करावी लागली तर पूर्वेच्या बाजूला लांबच लांब सावलीची पट्टी मिळते आणि संध्याकाळपर्यंत ती रुंद होत जाते. तिथं घडीची खुर्ची टाकतो. काचेला आतून चकचकीत पडदा लावतोच. बंद कॅबिन उन्हात पहिल्या अर्ध्या तासातच भट्टी होते, आणि काच बोटभर खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही.

या सावलीत बसून मी चित्रं काढतो. वही आणि दोन पेन्सिली, बस्स. समोर जे उभं असेल ते काढायचं. बहुतेक वेळा दुसरी गाडीच असते. पाचव्या चाकाची जोडणी, म्हणजे ट्रेलर पुढच्या गाडीला जिथं अडकतो ती, काढायला बसलो तेव्हा कळलं की रोज हात लावतो त्या वस्तूचा आकार आपण कधी नीट बघितलेलाच नसतो. जबड्याची ती घोड्याच्या नालासारखी खाच, तिच्या कडेला साचलेलं काळं ग्रीस, त्यावर चिकटलेली धूळ. एक चित्र पुरं व्हायला दोन-तीन थांबे लागतात, आणि नंबर लागला की वही मिटून निघता येतं. लोडिंगच्या ठिकाणी असाच उद्योग हवा, मधेच सोडला तरी न बिघडणारा.

टँकरवाले काका

आमच्याकडे ज्वलनशील माल. गाडी सोडून जायचं नाही आणि तिच्या आसपास विडी-काडी चालत नाही. त्यामुळे फिरणं, पोहणं, मासे पकडणं हे बाकीच्यांनी करावं. मी पक्षी बघतो.

लोकांना वाटतं पक्ष्यांसाठी जंगलात जावं लागतं. थांब्यांच्या छपराखाली नीट बघा. उन्हाळा हा उत्तरेकडच्या बऱ्याच पक्ष्यांचा विणीचा काळ, त्यामुळे हालचाल भरपूर असते. भिंगरी चिखलाचे गोळे आणून घरटं बांधते. एकेक गोळा चोचीत आणायचा, कडेला दाबून बसवायचा, मग पुन्हा उडायचं. आधीचा थर थोडा वाळेपर्यंत ती वरचा थर चढवत नाही. मालाच्या कागदांची वाट बघत अख्खी सकाळ मी हे बघण्यात घालवली आहे, आणि चिडचिड झाली नाही.

दुसरी पाकोळी. हिच्यातला कॉमन स्विफ्ट तर आपल्या धंद्यातला वाटतो. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी या पक्ष्यांच्या पाठीवर लहानसं यंत्र बसवून पाहिलं आणि २०१६ साली जाहीर केलं की त्यातले काही सलग दहा महिने जमिनीवर टेकलेच नाहीत. खाणंपिणं सगळं उडताना.

आवाजावरून पक्षी ओळखायला कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ हे ॲप आहे, फुकट आहे. मात्र ज्वलनशील मालाच्या गाडीजवळ मोबाइल वापरण्याचे नियम कडक असतात, ते पाळा. मी थांब्याच्या खोलीत गेलो की तिथून ऐकतो.

रात्रीचा गडी

मी रीफर, म्हणजे थंड डब्याची गाडी चालवतो. मागं थंडाव्याचं मशीन रात्रभर घरघरतं, त्यामुळे शांतता हा प्रकार आम्हाला नाही. अंधार मात्र मिळतो. उन्हाळ्यात आकाश मोकळं असेल तर मी खुर्ची घेऊन गाडीच्या अंधाऱ्या बाजूला बसतो.

उत्तर गोलार्धातल्यांसाठी सांगतो. मे-जूनमध्ये रात्र पडताच सप्तर्षी वर असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढं वाढवत नेली की नारिंगी झाक असलेली स्वाती लागते, आणखी पुढं गेलं की पांढरी चित्रा. दक्षिणेला लालसर ज्येष्ठा दिसते, तो वृश्चिकाचा भाग. जुलै-ऑगस्टमध्ये अभिजित, श्रवण आणि हंस यांचा मोठा त्रिकोण डोक्यावर येतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण ९० मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतं. अंधार पडल्यावर किंवा पहाटे ते एका संथ, न लुकलुकणाऱ्या ठिपक्यासारखं काही मिनिटांत आकाश ओलांडतं आणि कधी कधी मध्येच, पृथ्वीच्या सावलीत शिरलं की, विझतं. १२-१३ ऑगस्टच्या सुमारास ययाती समूहातून उल्का पडतात, मध्यरात्रीनंतर जास्त. त्या रात्री चंद्र किती आहे ते आधी बघून घ्या.

अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका हेडलाइटनं ते सगळं वाया जातं. म्हणून जागा निवडताना पार्किंगमध्ये शिरायच्या वाटेकडे पाठ करून बसा. आणि आकाश कितीही चांगलं असलं तरी झोपेच्या तासांतून एक मिनिटसुद्धा उचलायचं नाही. सकाळी लवकर निघायचं असेल त्या रात्री मी तारे बघत नाही.

एक चालक (बाई)

वरचे सगळे अंधार शोधतायत, मला नेमकं उलटं करावं लागतं. मी गाडी कायम दिव्याखाली, लोकांची ये-जा असेल तिथं लावते. फिरायला जायचं तर उजेड असतानाच, आणि घरी कोणाला तरी कुठं थांबले आहे ते कळवून. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, पण बायकांचा विरंगुळा आधी जागेवर ठरतो हे इथं लिहिलेलं असावं.

माझं क्रोशाचं काम असतं. एक सुई, एक लोकरीचा गुंडा, सीटखालच्या पिशवीत राहतो. स्टिअरिंग धरून आखडलेली बोटं मोकळी होतात. एक टाका घातला की तो तिथंच राहतो, धक्क्यांनी उसवत नाही. शिवाय डोळे दूरवर रोखून रोखून थकलेले असतात, त्यांना जवळचं बघायला मिळतं. सोबत दोरीच्या उड्या ठेवल्या होत्या, पण काँक्रीटवर गुडघे दुखायला लागले तेव्हा रबरी पट्टा घेतला. पायरीच्या दांड्याला अडकवून खांदे आणि पाठ ताणते. उड्यांपेक्षा हे कितीतरी बरं.

दोघांची गाडी

आम्ही दोघं आळीपाळीनं चालवतो. एक झोपलेला असताना दुसऱ्याचा विरंगुळा आवाज न करता झाला पाहिजे, एवढंच आमचं म्हणणं. शब्दकोडी. झालं.

मुलीचा बाबा

मी मुलीशी बुद्धिबळ खेळतो. दोघांकडे एकेक चुंबकाचा पट. ती शाळेला सुट्टी लागली की सकाळी तिची खेळी पाठवते, मी थांबलो की माझी पाठवतो. दिवसाला एखादी खेळी होते, कधी दोन. चालवताना पट डॅशबोर्डवर ठेवत नाही, वरच्या कप्प्यात ठेवतो. सोंगट्या वळणावरसुद्धा हलत नाहीत. काळं एक प्यादं कुठंतरी पडलं, त्या जागी आठ नंबरचा नट ठेवलाय. खाली छोटा चुंबक लावलाय, त्यामुळे तो चिकटतो पण मस्त. तिनं तिकडं तिच्या पटावरही तसाच नट ठेवून घेतला.

फोनवर नुसतं ‘जेवलीस का, अभ्यास केलास का’ यापलीकडे बोलणं सरकत नाही, हे ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना माहीत आहे. डावामुळे आमच्यात बोलायला रोज काहीतरी असतं. वजीर गेला तर ती दोन दिवस रुसते आणि मला ते आवडतं, कारण ती माझ्यावर रुसलेली असते, म्हणजे मी तिच्या दिवसात आहे.

आणखी एक

ऑडिओ पुस्तकांबद्दल कोणी लिहिलं नाही. मी भरपूर ऐकतो, पण चालवताना ऐकलेलं मी विरंगुळ्यात मोजत नाही. त्या वेळी हात, पाय, डोळे कामावरच असतात. थांबल्यावर ऐकत चालतो, तेव्हा गोष्ट जास्त लक्षात राहते.

जुना ट्रेलरवाला

सगळ्यांचं वाचलं, फार बरं वाटलं. माझ्याकडून तीन गोष्टी, आणि त्या सगळ्यांनी मनावर घ्याव्यात ही विनंती.

सावलीसाठी गाडीखाली झोपू नका. स्वतःच्या नाही आणि दुसऱ्याच्या तर नाहीच नाही. ट्रेलरखाली झोळी बांधणारेही मी बघितले आहेत. चाकाखाली ठोकळा लावला आहे, चावी खिशात आहे, हे पुरेसं नसतं. शेजारचा मागं घेताना धडकतो, कधी कोणी न बघता गाडी हलवतो. असा एक माणूस गेलेला मी बघितला आहे. त्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

अनोळखी पाण्यात उडी मारू नका. तापलेल्या अंगानं एकदम थंड पाण्यात गेलं की श्वास अडकतो, चांगला पोहणारासुद्धा गटांगळी खातो. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ असते. जिथं स्थानिक माणसं पोहतात तिथं, कोणीतरी काठावर असताना, पायानं खोली बघत उतरा. नाहीतर पाय बुडवून बसा, तेवढ्यानंही बरं वाटतं.

तिसरी गोष्ट खिडकीच्या बाजूच्या चेहऱ्याची. पुढची काच दुपदरी असते, ती उन्हातले अतिनील किरण बरेच अडवते. बाजूच्या साध्या काचेतून अतिनील किरणांचा एक भाग आत येतो. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या चालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं मालाची गाडी चालवली, आणि चेहऱ्याची खिडकीकडची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा कितीतरी म्हातारी, सुरकुतलेली. तेव्हा थांबल्यावर पुन्हा उन्हातच बसायचं कशाला? बाही पूर्ण ठेवा, आणि कंटेनरवाल्या भावानं सांगितलेल्या पट्टीत खुर्ची टाका.

मी स्वतः माउथऑर्गन वाजवतो. खिशात मावतो, फक्त उन्हात डॅशबोर्डवर सोडायचा नाही आणि वाजवायच्या आधी चूळ भरायची. शेजारच्या गाडीत कोणी झोपलेलं नाही ना ते आधी विचारतो. बऱ्याचदा उत्तर म्हणून तोच बाहेर येऊन बसतो.

मुलीच्या बाबांना एक विचारायचं होतं, तो चुंबकाचा पट केवढा मिळतो? माझा नातू आता खेळायला लागलाय.

मुलीचा बाबा

काका, बंद केला की वहीएवढा होतो, सोंगट्या आतच राहतात. घेताना चुंबक सोंगटीच्या तळाला चिकटवलेला नसून आत बसवलेला आहे ना ते बघा. चिकटवलेले उन्हात सुटतात. आणि सुटे नट आणि चुंबक दोन-चार जवळ ठेवाच.